रिकामा रकाना

मे महिन्याच्या सुट्टीत तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी एक काम देते. गावी जाताना कॉलेजातून दोन थर्मामीटर घेऊन जायचे. एक गावातल्या एखाद्या जुन्या घरात टांगायचा, दुसरा स्लॅबच्या घरात. सात दिवस, रोज चार वेळा वहीत आकडा लिहायचा: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री नऊ आणि रात्री एक. रात्री एकच्या नोंदीसाठी गजर लावून उठावं लागतं, आणि माझा सगळ्यात जास्त भर त्याच नोंदीवर असतो, कारण घराचा स्वभाव खरा कळतो तो रात्री. जूनमध्ये मुलं परतली की दोन रकाने शेजारीशेजारी ठेवायचे आणि बोलायला बसायचं. जुन्या घरातला आकडा दिवसभर फारसा हलत नाही. स्लॅबच्या घरातला दिवस मावळल्यावरही उतरायचं नाव घेत नाही. फळ्यावर शंभर वेळा सांगून जे पटत नाही ते स्वतःच्या अक्षरातले दोन रकाने पाहून पटतं. वास्तुकला शिकवायला लागल्यापासून मला सगळ्यात आवडत आलेला तास हाच.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये एका मुलाची वही आली. स्लॅबचा रकाना पूर्ण भरलेला, अक्षर सुबक, रात्री एकच्या सातही नोंदी होत्या. ‘जुनं घर’ असं लिहिलेला रकाना मात्र कोरा. पट्टीनं आखलेल्या अठ्ठावीस चौकटी आणि एकीतही काही नाही. मी लाल पेनानं खाली ‘अपूर्ण’ लिहिलं, गुण कापले आणि पुढची वही उघडली. पंधरा दिवसांनी तो दुसऱ्याच कामासाठी माझ्या खोलीत आला होता, तेव्हा सहज विचारलं, “अरे, जुन्या घराची नोंद का नाही घेतलीस?”

“जुनं घर नाही मॅडम.”

“तुमचं नसेल. शेजारी, भावकीत, गावात एखादं तरी असेल की.”

“कोणाचंच नाही. आमचं गाव औसा तालुक्यात.” मग जरा थांबून तो म्हणाला, “त्र्याण्णव.”

नुसतं साल सांगितलं त्यानं. पुढे काहीच बोलला नाही, आणि मलाही काही बोलता आलं नाही.

मी सोलापूरची. इतर कुणाला नाही तर निदान मला तरी त्या कोऱ्या चौकटी पाहून कळायला हवं होतं. त्या दिवसापासून तो रकाना डोक्यातून गेलेला नाही. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, अगदी दुसऱ्या विषयाचे पेपर तपासतानाही तो मध्येच समोर येतो. सतरा वर्षं मी उष्णतेशी जुळवून घेणारी घरं हा विषय शिकवते आहे, त्यावरच माझं संशोधन आहे, आणि माझ्या सगळ्या मांडणीच्या मुळाशी जे घर आहे ते म्हणजे माळवदाचं घर, जाड दगडमातीच्या भिंतींचं आणि मातीच्या सपाट छपराचं. तेच घर त्या मुलाच्या वहीत नव्हतं.

माळवदाचं घर माझ्या अंगात मुरलेलं आहे. माझं आजोळ बार्शी तालुक्यातलं. मे महिन्यात एसटीतून उतरून गावात शिरेपर्यंत डोळ्यांसमोर पांढरं ऊन नाचायचं. दारातल्या ढेळजेतून आत पाऊल टाकलं की एकदम काळोखी यायची, काही क्षण काहीच दिसायचं नाही. फक्त पायाखाली सारवलेल्या जमिनीचा गारवा लागायचा. मग हळूहळू साण्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, खाली पडलेला उन्हाचा गोल दिसायला लागायचा. रुपयाएवढा नव्हे, चांगला ताटाएवढा. तो दिवसभर जमिनीवरून सरकत जायचा. धान्याच्या बळदाच्या कडेला पोचला की आजी चहा टाकायची. भिंतीतल्या दिवळीत हात घातला तर कोपरापर्यंत आत जायचा आणि तरी भिंत संपायची नाही. त्या दगडाला गाल लावून आम्ही भावंडं दुपारच्या दुपारी पडून राहायचो. रात्री सगळे वर. संध्याकाळीच माळवदावर पाणी शिंपडलेलं असायचं, तापलेल्या पांढऱ्या मातीचा वास उठायचा, आणि त्यावर वाकळा अंथरून ओळीनं झोपायचं. दिवसा घराच्या पोटात आणि रात्री घराच्या पाठीवर, असं ते राहणं होतं. पुढे वास्तुकलेच्या पुस्तकांत उष्णतेचा विलंब, जाड भिंतीची उष्णता साठवण्याची क्षमता वगैरे शिकले तेव्हा प्रत्येक आकृतीत मला तो उन्हाचा गोल सरकताना दिसायचा. जाड दगडमातीची भिंत दुपारचं ऊन आत पोचवायला दहा-बारा तास घेते, म्हणजे ऊन आत येईपर्यंत मध्यरात्र झालेली असते आणि माणसं वर झोपलेली असतात. हे ज्यांनी कुणी प्रथम ओळखलं असेल त्यांच्याबद्दल मला अजूनही मनापासून आदर वाटतो.

त्याच घराची आणखी एक आठवण आहे, आणि तिचा अर्थ मला फार उशिरा कळला. मृग लागायच्या आधी मामा बैलगाडीतून पांढरी माती आणायचा. टोपल्यांनी ती माळवदावर चढवायची, पसरायची, पाणी मारून चोपायची. पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी एक नवा थर. जुना थर कुणी काढत नसे. आम्ही मुलं ती ओली माती तुडवायला वर जायचो, पाय बोटांपर्यंत रुतायचे आणि फार मजा यायची. आजोबांच्या वडिलांच्या काळापासून त्या तुळयांवर दर उन्हाळ्याला एकेक थर चढत आला होता. खालून पाहिलं तर दिसायच्या नुसत्या तुळया, कड्या आणि लाकडाच्या काळ्याभोर किलच्या. वरचं ओझं खालून दिसत नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मी दहावीत होते. सोलापुरात विसर्जनाची मिरवणूक पाहून आम्ही उशिरा झोपलो आणि पहाटे चारच्या सुमाराला मांडणीतली भांडी आपोआप वाजायला लागली. आधी वाटलं मांजर असेल. मग पलंग हलला. सगळी गल्ली बाहेर आली, कुणाच्या अंगात बनियन, कुणाच्या कडेवर पोर, आणि थोड्या वेळानं सगळे परत आत गेले. दुपारपर्यंत किल्लारी हे नाव घराघरात पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात परात घेऊन बसल्या आणि भाकरी थापायला लागल्या. मी पीठ मळून देत होते. वर्तमानपत्रात बांधलेल्या भाकरींचे गठ्ठे ट्रकमध्ये चढत होते. ज्या वर्तमानपत्रात भाकरी बांधत होतो त्यातच ते फोटो होते, आणि आई ती पानं उलटी करून भाकरी ठेवत होती. दहा हजारांच्या घरात माणसं गेली. रिश्टर स्केलवर सहाच्या थोड्या वर एवढाच तो भूकंप. जगात त्याहून मोठे भूकंप कितीतरी कमी माणसं घेऊन गेले आहेत. इथे माणसं गेली ती घरांखाली.

आजोळच्या घराला काही झालं नाही. पण तीन वर्षांनी मामानं ते पाडलं. मी तेव्हा वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला नुकतीच गेले होते आणि नुकतंच शिकलेलं सगळं मी त्याच्यापुढे ओतलं. हे घर म्हणजे ठेवा आहे, असलं थंड घर पुन्हा होणार नाही, स्लॅबखाली उन्हाळ्यात भाजून निघाल. मामा ओसरीवर बसून सुपारी कातरत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि काहीही उत्तर दिलं नाही. मला राग आला होता. शिकलेल्या माणसाचं ऐकत नाहीत असं वाटलं होतं. त्याच्या त्या गप्प बसण्यात आणि माझ्या विद्यार्थ्याच्या कोऱ्या रकान्यात एकच गोष्ट होती, आणि दोन्ही वेळा मला ती वाचता आली नाही.

वर्गात मी वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशींचं अहमदाबादचं कार्यालय ‘संगथ’ दाखवते. १९८० साली बांधून झालेलं, अर्धं जमिनीत उतरलेलं, कमानदार छपरांवर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांचं आवरण. दोशींचा जन्म पुण्याचा, हे सांगितलं की मुलं जरा पुढे सरसावून बसतात. पुण्यातच जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात शिकलेल्या अनुपमा कुंडू यांचं ऑरोव्हिलमधलं ‘वॉल हाउस’ दाखवते. त्यात छपरामध्ये पोकळ भाजलेल्या मातीचे घटक बसवले आहेत. जिथे काँक्रीटची गरज नाही तिथे ते भरायचंच नाही, तिथे मातीची पोकळी ठेवायची. वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांचा फिलर स्लॅब दाखवते, त्याचंही तत्त्व तेच, स्लॅबच्या खालच्या भागात मंगलोरी कौलं दडवायची. वजन कमी, सिमेंट कमी, लोखंड कमी आणि खोलीही थोडी गार. बेकरांची उभ्या विटांची पोकळ भिंत चौथा हिस्सा विटा वाचवते आणि मधली हवा ऊन अडवते. हे सगळं मी जीव ओतून शिकवते, कारण मला ते खरंच महत्त्वाचं वाटतं. मे २०१०मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं मेली, आणि त्यानंतर २०१३ साली त्या शहरानं उष्णतेसाठी स्वतंत्र कृती आराखडा केला. ऊन माणसं मारतं, फक्त ढिगारा उरत नाही म्हणून ते दिसत नाही. हे वाक्य मी दरवर्षी वर्गात म्हणते. त्याच स्लाइडच्या पुढच्या स्लाइडवर माझ्या आजोळच्या माळवदाचा छेद असतो आणि खाली लिहिलेलं असतं: ‘मातीचा जाड थर, उत्तम उष्णतारोधन.’ त्या थराचं वजन मी एकदाही लिहिलं नव्हतं.

जुलैत मी ते फळ्यावर केलं. दहा फूट बाय दहा फुटांची खोली घेतली. वर दोन फूट माती. हिशोब अवघड नाही, मुलांनीच केला. नऊ-दहा टन येतं. “म्हणजे किती?” मी विचारलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “भरलेला ट्रक.” त्याच खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर सुमारे तीन टन. पत्रा टाकला तर चाळीस किलोच्या आसपास, दोन माणसं उचलून बाजूला ठेवतील. तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि मी बाजूला झाले. तो मुलगा तिसऱ्या बाकावर बसला होता. त्यानं ते उतरवून घेतले नाहीत, नुसता पाहत राहिला.

त्यानंतर आम्ही भिंतीकडे वळलो, कारण नुसत्या वजनावर सगळं ढकलणंही खरं नाही. मराठवाड्यातली ती जाड भिंत एक भिंत नसतेच. बाहेरून दगडांचा एक तोंडावळा, आतून दुसरा, आणि मध्ये दगडगोटे नि माती भरलेली. दोन्ही तोंडं एकमेकांना कुठेच धरून नसतात. कॉलेजच्या मागच्या आवारात आम्ही तशा दोन भिंती रचल्या, गुडघ्याएवढ्या, चाकाच्या पाट्यावर. एकीत नुसता भराव. दुसरीत थोड्याथोड्या अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीएवढे लांब दगड, एका तोंडातून दुसऱ्या तोंडापर्यंत आरपार. पाटा हातानं मागेपुढे ढकलायला सुरुवात केली. पहिल्या भिंतीचं पोट आधी फुगलं. ते फुगणं मला विसरता येत नाही. माणसानं श्वास कोंडून धरावा तशी ती भिंत दोन्ही बाजूंनी फुगली आणि मग मधली माती खाली बसली, तोंडं बाहेर आडवी झाली. आवाजही फार नाही झाला. दुसरी भिंत हलली, माती झडली, दोन दगड निसटले, पण उभी राहिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या, कारण त्यांना कुणीतरी आठवलं असावं.

रुरकीला आनंद स्वरूप आर्य हे प्राध्यापक आयुष्यभर हेच शिकवत राहिले. दर दोन फूट उंचीला, चार फुटांपेक्षा जास्त अंतर न ठेवता आरपार दगड घाला. दारंखिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारा एक पट्टा घाला. डोक्यावरचं ओझं कमी करा. ज्या १९९३ सालात किल्लारी झालं त्याच सालात साध्या दगडमातीच्या बांधकामासाठीचं भारतीय मानक प्रसिद्ध झालं, त्यात हे नियम आहेत. आणि उभ्या असलेल्या जुन्या भिंतीसाठीही उपाय आहे, तो मला फार देखणा वाटतो. भिंतीतला एकेक दगड हलक्या हातानं सैल करून काढायचा, दोन्ही बाजूंनी आत जात आरपार भोक करायचं, तोंडाशी रुंद आणि मध्ये अरुंद, अगदी डमरूसारखं. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. भिंतीच्या पोटात काँक्रीटचा डमरू बसतो आणि दोन्ही तोंडं एकमेकांना धरून राहतात. खांब आणि तुळईच्या कोनात तिरपा लाकडी टेकू ठोकायचा. माळवदावरची जादा माती उतरवायची. मामाला त्या दिवशी मी ठेव्याबद्दल व्याख्यान दिलं. त्याऐवजी हे एवढं सांगता आलं असतं तर कदाचित ते घर आजही असतं. पण तेव्हा मला ते येत नव्हतं, आणि वास्तुकलेच्या वर्गात आम्हाला ते कुणी शिकवतही नव्हतं. भूकंप हा सिव्हिलवाल्यांचा विषय मानला जायचा आणि गारवा आमचा. घराचे असे दोन तुकडे करून आम्ही शिकलो, आणि मीही पुढे तसंच शिकवत गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या मुलाच्या गावी गेले. त्यानंच बोलावलं. पुनर्वसनातलं गाव, रुंद सरळ रस्ते, सुटी सुटी घरं, जुन्या गावठाणापासून दूर. घर काँक्रीटचं, नीट राखलेलं. पण आत कुणी नव्हतं. सगळा संसार घराच्या पुढे काढलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. चूल तिथे, पाण्याचा माठ तिथे, आजीची खाट तिथे. पक्क्या घरात धान्याची पोती, पेटी आणि देव. गावभर तसंच होतं. मी माझ्या सवयीनं आधी पत्र्याखाली हात धरला, दुपारचे दोन वाजले होते, ऑक्टोबर संपत आला होता आणि तरी वरून धग येत होती. आजी सत्तरीच्या पुढची, किरकोळ अंगाची. तिनं मला खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली बसली. मी खाली बसायला लागले तर दटावलं.

“आजी, घर सोडून इथं का झोपता? उन्हाळ्यात पत्रा फार तापत असेल.”

“तापतंय की. दुपारी लिंबाखाली जाऊन बसते.”

“मग आत का नाही?”

तिनं वर पाहिलं. “बाई, पत्रा पडला तर खोक पडंल. माती पडली तर माणूस सापडत न्हाई.”

स्लॅबला माती नसते, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते माहीत होतं. नातू माझ्या शेजारी उभा होता, त्यानं हे सगळं आधी कधीतरी ऐकलेलं असणार, पण त्याचे बाबा गाईला पाणी पाजता पाजता थांबले आणि म्हणाले, “मला खांबापाशी सापडवलं. आठ वर्षांचा होतो. खांब उभाच होता.” एवढंच बोलून पुन्हा बादलीकडे वळले. बाकी कोण कोण सापडलं नाही, ते ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. देवाच्या कोनाड्यात दोन लहान मुलींचा एक फोटो होता, एकाच कापडाचे फ्रॉक घातलेल्या.

त्या रात्री मी तिथेच राहिले. पाहुणी म्हणून मला आत, पंख्याखाली अंथरूण घालून दिलं. रात्री एकला मला जाग आली, इतक्या वर्षांची त्या नोंदीची सवय असेल. उठून भिंतीला हात लावला तर ती कोमट होती. छताखाली उभी राहिले तर डोक्यावर ऊब जाणवत होती. दुपारचं ऊन स्लॅबमधून उतरून आता खोलीत पोचत होतं. मग मी बाहेर आले. पत्र्याखाली गार होतं. नुसतं गार नव्हे, पत्र्याच्या आतल्या बाजूला दवाचे थेंब धरले होते. पत्र्याला ऊन धरून ठेवता येत नाही. सूर्य गेला की चकाकी गेलेला जुना पत्रा आपली ऊब उघड्या आकाशाला देऊन टाकतो आणि हवेहूनही थंड होतो. आजी तोंडावरून पदर घेऊन गाढ झोपली होती. माझ्या वर्गात मी पत्र्याला कायम शेवटचा नंबर देत आले होते. रात्रीपुरतं तरी त्या बाईनं पंख्याशिवाय जे साधलं होतं ते माझ्या विषयात पूर्ण बसणारं होतं, आणि तिनं ते भीतीपोटी निवडलं होतं. भीतीनं निवडलेली गोष्ट चुकीचीच असते असं मी का धरून चालले होते, याचं उत्तर मला त्या अंगणात उभं राहूनही सापडलं नाही. वर चांदणं स्वच्छ होतं. लांब कुठेतरी मोटार चालू होती.

त्यानंतर आमचं काम जरा बदललं. थंड घर कसं करावं या प्रश्नाच्या जागी आम्ही आजीच्या छपरापुरता प्रश्न घेतला: हलकंच राहील आणि दुपारीही बसवेल असं ते कसं करायचं. कोऱ्या चकचकीत पत्र्याबद्दल एक गैरसमज असतो की तो ऊन परतवतो म्हणजे थंड राहतो. तो परतवतो बऱ्यापैकी, पण जे थोडं पितो ते बाहेर टाकायला त्याला जमत नाही, म्हणून हात भाजतो. त्यावर चुन्याचा पांढरा हात दिला की ऊन परतवणंही वाढतं आणि उष्णता बाहेर टाकणंही. चुना पावसात धुपतो, दर उन्हाळ्याला पुन्हा द्यावा लागतो. पण दर उन्हाळ्याला छपरावर काहीतरी चढवायची त्या मुलखाला सवयच आहे, आणि चुन्याच्या थराला वजन असं नसतंच. दुसरा उपाय खालून. पत्र्याच्या खाली वीतभर हवा सोडून दुसरं हलकं छत. त्यासाठी बाजारातलं काही आणायची गरज नव्हती. मराठवाड्यात तुरीचं रान अमाप, काढणी झाली की तुराट्या बांधाला ढीग लावून पडलेल्या असतात, आणि तुराट्यांचा कूड घालणारे हात अजून गावोगाव आहेत. आम्ही कॉलेजच्या आवारात तीन लहान शेड केल्या: एक उघड्या पत्र्याची, एक चुना दिलेली, एक चुना आणि खाली तुराट्यांचं छत असलेली, वरच्या बाजूला गरम हवा जायला फट ठेवून. एप्रिलच्या दुपारी मुलं आळीपाळीनं त्यांत जाऊन बसायची. थर्मामीटर होतेच, पण मी त्यांना आधी हात वर धरायला सांगायची. पहिल्या शेडमध्ये हात वर धरवत नाही. तिसरीत धरला तर विसरायला होतं. तुराट्यांना वाळवी आणि आग या दोन्हींची भीती आहे, चुलीच्या वर तर त्या अजिबात नकोत, यावर अजून आमचं डोकं चालू आहे. फुफाट्यातल्या त्या दुपारी मात्र तिसऱ्या शेडमधून कुणी लवकर बाहेर यायचं नाही.

माळवदाची स्लाइड मी काढून टाकलेली नाही. आजही ते घर डोळ्यांसमोर आलं की जिवाला गार वाटतं, आणि ते मी मुलांपासून लपवत नाही. फक्त त्या छेदात आता मातीच्या थराशेजारी वजन लिहिलेलं असतं, आणि भिंतीत आरपार दगड कुठे हवे होते ते लाल रंगात दाखवलेलं असतं. ते लाल दगड मी फळ्यावरही हातानं काढते. गुणांचं मात्र काही करता आलं नाही, तोवर ते वरती कळवून झाले होते. त्या मुलाला मी तसं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “राहू द्या मॅडम.”

या वर्षीच्या मे महिन्यात तो, आता चौथ्या वर्षाचा, दोन मित्रांना घेऊन गावी गेला आणि आजीच्या शेडला चुना देऊन खाली तुराट्यांचं छत बांधून आला. काढणीच्या वेळीच त्यानं गठ्ठे राखून ठेवायला सांगितलं होतं. विणायला आजीही बसली म्हणे, यांच्या गाठी तिला पसंत पडल्या नाहीत. जूनमध्ये त्याची वही माझ्या टेबलावर आली. तिसऱ्या वर्षाचं काम चौथ्या वर्षात कुणी मागितलं नव्हतं. दोन रकाने होते: ‘पत्रा’ आणि ‘पत्रा, चुना, तुराटी’. दोन्ही भरलेले, रात्री एकच्या नोंदींसकट.

शेवटच्या पानावर त्यानं शेडचा नकाशा काढला होता. छताच्या तुराट्या बारीक समांतर रेघांनी भरलेल्या, खूप मन लावून. एका कोपऱ्यात मात्र खाटेएवढा चौकोन कोरा सोडला होता. मी विचारलं, हे राहिलं का?

“नाही मॅडम. तिथं बांधलं होतं आम्ही. आजीनं दुसऱ्या दिवशी काढायला लावलं. म्हणाली, झोपल्यावर वर काय हाय ते दिसाया पायजे.”

नकाशात त्या चौकोनाच्या आत त्यानं त्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘आजीची खाट. वर उघडं.’